मंगलची आमटी आणि आठवड्याचं इंजेक्शन

माझी नात ईशा कॅनडात शिकते. मागे एकदा व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "आजी, ती बारीक व्हायची इंजेक्शनं खरंच काम करतात का? आणि त्यांच्यावर तेवढे पैसे घालवावेत का? तू केमिस्ट आहेस, एका वाक्यात सांग."

शेजारून तिचा भाऊ मिहिर म्हणाला, "आजीला एका वाक्यात काहीच सांगता येत नाही."

ते खरं आहे. एका वाक्यातलं उत्तर मी दिलं, पण ते देऊन माझंच समाधान झालं नाही. तेवढ्यात आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दुकानाच्या आठवणी लिहून द्या, असा निरोप आला. तेव्हा ठरवलं की दोन्ही कामं एकातच उरकायची. मुलांनो, हे तुमच्यासाठी आहे. अडेल तिथे आईला विचारा.

इथे बंगळुरात, येलहंकाच्या जुन्या भागात माझं औषधांचं दुकान होतं. आता ते माझा भाचा चालवतो. मी सकाळी दोन तास जाऊन बसते, कारण घरात बसून राहिलं की माणसाची मुदत औषधापेक्षा लवकर संपते. लोकांना वाटतं, केमिस्टचं काम म्हणजे फळीवरचं खोकं काढून देणं. या कामातला अवघड भाग न देण्याचा असतो. गिऱ्हाईक समोर उभं आहे, पैसे हातात आहेत, माल फळीवर आहे, आणि तुम्हाला म्हणायचं असतं, "नाही, आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा." हे हसून म्हणता आलं पाहिजे. मला ते जमायला बरीच वर्षं लागली.

वजनाच्या औषधांच्या बाबतीत हे रोजच होतं. माझ्या काळात अशी औषधं आली आणि गेली. एक भूक मारणारी गोळी होती, ती हृदयाला धोका आहे म्हणून बंदच करावी लागली. दुसरी एक अजून मिळते. ती खाल्लेली चरबी अंगात मुरू देत नाही, ती तशीच बाहेर जाते. 'तशीच' याचा अर्थ आमच्या एका गिऱ्हाइकाला तूप घातलेली पुरणपोळी खाल्ल्यावर ऑफिसच्या मीटिंगमध्ये कळला. त्याने उरलेली पाकिटं परत आणली आणि कारण विचारू नका म्हणाला. मी विचारलं नाही.

मग ही नवी इंजेक्शनं आली. दिसायला पेनासारखी, आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायची. मूळ औषध मधुमेहाचं. आपण जेवलो की आतडं एक निरोप धाडतं, की पुरे झालं. हे औषध त्या निरोपाची नक्कल करतं. पोट हळू रिकामं होतं आणि डोक्यात सतत चाललेली खाण्याची कुजबुज थांबते. सुरुवात लहान मात्रेने करायची आणि पोटाला सवय होईल तशी ती वाढवायची. मळमळ होते, कोठा जड होतो, नुसतं वजन उतरवलं आणि नीट खाल्लं नाही तर स्नायूही झिजतात. पण वजन उतरतं, हे मी काउंटरच्या या बाजूने पाहिलेलं आहे. शंभर किलोचा माणूस वर्षभरात दहा-पंधरा किलोंनी हलका होतो. सगळेच होतात असं नाही. बंद केलं की बरंचसं परत येतं, हे मात्र बहुतेकांच्या बाबतीत होतं, आणि ते पेन विकताना सांगायचं असतं.

पुण्याहून नोकरीसाठी आलेला एक तरुण एकदा आला. "मॅडम, वो वीकली वाला पेन है क्या?" मग परवान्यावरचं माझं आडनाव वाचून त्याचा चेहरा उजळला. "अरे, काकू, तुम्ही मराठी? मग द्या ना."

"मराठी माणसाला चिठ्ठी लागत नाही असा नियम अजून झालेला नाही."

"काकू, लग्न आहे हो. शेरवानी शिवून झालीय."

"मग शेरवानी उसवून घे. स्वस्त पडेल."

तो रागावला नाही, डॉक्टरकडेही गेला. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं. लग्नाचे फोटो त्याने मला दाखवले, शेरवानी थोडी उसवलेलीच होती.

अशा गमती पुष्कळ आहेत. ईशा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला मंगलमुळे मिळालं.

मंगल निपाणीची. दुकानापासून दोन गल्ल्या सोडून तिची मेस आहे. नोकरीसाठी आलेली पुण्या-मुंबई-नागपूरची मुलं संध्याकाळी तिथे जेवतात, आणि आसपासच्या काही घरी डबे जातात. तुमचे आजोबा गेल्यापासून माझा रात्रीचा डबा तिच्याकडूनच येतो. भाकरी, एक भाजी, कोशिंबीर आणि आमटी. मुलं भाकरीसाठी येतात असं मंगल म्हणे, पण ती येत आमटीसाठी.

तिच्या स्वयंपाकाची एक रीत होती. सगळा स्वयंपाक झाला की पूर्ण ताट वाढायचं, देवापुढे नैवेद्य दाखवायचा आणि मग पंगत. नैवेद्याच्या आधी कशाचीही चव घ्यायची नाही. हा तिच्या सासूबाईंचा नियम. सासूबाई गेल्या, मेस वाढली, तरी नियम तसाच राहिला. एवढं मोठं पातेलं न चाखता रोज कसं जमतं, असं मी तिला विचारलं होतं.

"चाखायला कशाला पायजे, अक्का? वाफ आली की कळतंय. माझ्या तोंडाला पाणी सुटलं की आमटी झाली. नाही सुटलं की काहीतरी कमी हाय. मग मी घालत जाते, सुटेपर्यंत."

ही गोष्ट तेव्हा मी गंमत म्हणून ऐकली.

मंगलचे दोन्ही गुडघे गेलेले होते. ओट्याशी उभं राहताना ती एक हात कट्ट्यावर ठेवून अर्धं वजन हातावर घेई. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे बदलावे लागतील, पण या वजनावर मी हात लावणार नाही. आधी वजन. मंगलने भात सोडून पाहिला, रात्रीचं जेवण सोडून पाहिलं. चालणं गुडघ्यांमुळे शक्यच नव्हतं. शेवटी हार्मोनच्या डॉक्टरबाईंनी हे इंजेक्शन लिहून दिलं.

तेव्हा फक्त परदेशी कंपन्यांची पेनं मिळत. किंमत ऐकून मंगल काउंटरसमोरच्या स्टुलावर बसली. "महिन्याला एवढं? एवढ्यात माझी महिन्याची भाजी येते की ओ." विमा यासाठी काही देत नाही. तिचा मुलगा सचिन आयटीत आहे. तो म्हणाला, मी देतो. मुलाचे पैसे घ्यायचे म्हणून ती आणखी अवघडली, पण उभंच राहता आलं नाही तर मेस चालणार नाही, आणि मेस म्हणजे तिचं सगळंच. नवरा गेल्यावर तिने सचिनला त्याच ओट्यावर वाढवलं होतं. तिने इंजेक्शन सुरू केलं. पहिल्यांदा टोचायचं कसं ते मीच शिकवलं.

औषध लागू पडलं. महिन्या-दोन महिन्यांत ब्लाउज शिंप्याकडे गेले. ती पायऱ्या चढताना थांबेनाशी झाली. मात्रा वाढवली, वजन आणखी उतरलं. मला वाटलं, चला, एक काम तरी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालं.

आणि आमटी बिघडली.

पहिल्यांदा मला वाटलं, माझंच तोंड गेलं. या वयात जातं. एक दिवस मीठ कमी, दुसऱ्या दिवशी गूळ जास्त, तिसऱ्या दिवशी नुसतंच डाळीचं पाणी. मी काही बोलले नाही. मेसमधल्या मुलांना तेवढा धीर नसतो. एका संध्याकाळी डब्याचे पैसे द्यायला मी तिथे गेले होते. नागपूरचा एक मुलगा वाटी वर धरून म्हणाला, "काकू, ही आमटी आहे की वाटी विसळून दिली?"

सगळे हसले. मंगलही हसली. "टोमॅटोच आंबट नाहीत यंदा. मी काय करू?"

"टोमॅटो दोन महिने झाले आंबट नाहीयेत, काकू," दुसरा म्हणाला.

नागपूरवाला मेस सोडून गेला. त्याच्या पाठोपाठ आणखी काही गेले. फोनवर बोट ठेवलं की दारात बिर्याणी येते, अशा गावात कोण किती दिवस मंगलकाकूंची माया धरून बसेल? मंगलने मसाला बदलून पाहिला, डाळवाला बदलून पाहिला. मला म्हणाली, "अक्का, कुणाची नजर लागली बघा मेसला."

मग गणपतीच्या दिवसांत आमटी एकदम सुधारली. त्या आठवड्यात मी वाटी बोटाने पुसून खाल्ली. पुढेही काही आठवडे ती तशीच छान येत होती. मला बरं वाटलं आणि मी तेवढ्यावर थांबले.

त्यानंतरच्या एका दुपारी फोन आला की आज डबा येणार नाही. मंगलचा डबा कधी चुकत नाही. मी तशीच निघाले. ती स्वयंपाकघरात जमिनीवर, सिलिंडरला टेकून बसली होती. ओठ सुकलेले.

"काल इंजेक्शन घेतलं, अक्का. तेव्हापासनं पाणीसुद्धा पोटात राहीना."

"दर आठवड्याला घेतेस की. आजच काय झालं?"

मी तिला डॉक्टरकडे न्यायला रिक्षा बोलावली. रिक्षात बसल्यावर सांगितलं. गणपतीत मोदकांची ऑर्डर होती, जिन्नस बिघडू नयेत म्हणून तिने इंजेक्शन घेतलं नाही. न घेतल्यावर सगळं मनासारखं झालं. म्हणून पुढेही घेतलं नाही. मग डॉक्टरबाईंची तारीख जवळ आली, काट्यावर वजन चढलेलं दिसलं, आणि तिने घाबरून जुनी पूर्ण मात्रा एकदम टोचली. या औषधात आठवड्यांचा खंड पडला तर डॉक्टरांना विचारून पुन्हा लहान मात्रेपासून चढावं लागतं. पोट तोवर सवय विसरलेलं असतं.

"पण न घेतल्याने मोदक का सुधारतील?" मी विचारलं.

"कारण घेतलं की तोंडाला पाणी सुटत नाही, अक्का. वाफ नाकात जाते आणि पुढे काहीच होत नाही. आमटी झाली का नाही ते मला समजतच नाही. आंधळ्यासारखी करते मी."

तेव्हा मला गेल्या काही महिन्यांतले डबे आठवले. कोणत्या आठवड्यात तिने इंजेक्शन घेतलं होतं, हे मला डब्यावरून सांगता आलं असतं. मी दुकानात सगळ्यांना मळमळ होईल, कोठा जड होईल असं सांगत होते, आणि ही बाई ज्या भुकेवर स्वयंपाक करत होती तीच भूक औषधाने झोपवली होती. हे कुठल्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं नसतं.

जवळच्या नर्सिंग होममध्ये दोन दिवस सलाईन लागलं. मेस पहिल्यांदाच बंद राहिली. डॉक्टरबाई रागावल्या, पण थोड्याच. म्हणाल्या, बरं वाटल्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून. गुडघ्याची तारीख पुढे गेली. सचिन आला होता. तो म्हणाला, "आई, मेस बंद कर ना. मी आहे ना."

मंगलने तोंड भिंतीकडे वळवलं. नंतर मला म्हणाली, "गुडघे पायजेत ते मेससाठी. मेस बंद करून गुडघे घेऊन काय मी तळ्याकाठी फिरायला जाऊ?"

ही खरी अडचण होती. औषध घेतलं नाही तर गुडघे नाहीत, आणि औषध घेतलं तर आमटी नाही. कुठल्याही बाजूने मेस जात होती.

मला माझ्या धंद्याप्रमाणे उपाय सुचला. आम्ही शिकलो तेव्हा केमिस्टला मलमं आणि पुड्या स्वतः कराव्या लागत. त्या काळातला माझा लहान तराजू अजून घरी आहे. मी म्हटलं, आता औषध थांबून काही आठवडे झालेत, भूक परत आलेली आहे. या दिवसांत तू नेहमीसारखी आमटी कर, मी प्रत्येक जिन्नस तोलते. एकदा माप बसलं की इंजेक्शन असो नसो, त्या मापाने करायची.

रोज संध्याकाळी मी तराजू घेऊन तिच्या ओट्याशी. ती मूठ भरी, मी मध्येच ताटली धरी. "अक्का, हात आकसतोय की तुम्ही बघत बसल्यावर." आमटी रोज सुरेख झाली, आणि माप रोज वेगळं निघालं. एक दिवस चिंच जवळजवळ दुप्पट. का, तर डाळ नवी होती. एक दिवस मीठ कमी. का, तर कोथिंबीर जून होती, तिलाच खारट अंग होतं. आठवडाभराने मी तराजू पिशवीत घातला. मी आयुष्यभर मापावर जगलेली बाई, मला ते जरा लागलं.

"मग एकच राहिलं," मी म्हटलं. "कुणीतरी चाखायचं."

"नैवेद्याआधी? नाही ओ."

"नैवेद्यानंतर."

"नंतर तर पंगतच बसते. बिघडलं असलं तर दुरुस्त कधी करायचं?"

"मग आमटी आधी कर. तिचा नैवेद्य दाखव. मग चाखू, काय हवं ते घालू, आणि तोवर भाकऱ्या होतील."

"नुसत्या आमटीचा नैवेद्य? ताट पायजे, अक्का. पूर्ण ताट."

"सासूबाईंनी तसं सांगितलंय की देवाने?"

ती बराच वेळ परातीतलं पीठ मळत राहिली. मळून झालेलं होतं, तरी मळत होती. मग म्हणाली, "पण देवाला बिघडलेली आमटी जाईल की रोज."

मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं. "जाऊ दे. देव काय डबा बंद करणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने वाटीभर आमटीवर तुळशीचं पान ठेवलं, देवापुढे नेली, सासूबाईंच्या फोटोकडे न बघता परत आली आणि मला पळी दिली. या वयात मला नवी नोकरी लागली. पगार नाही, पण डबा फुकट. मी सांगे, "मीठ. स्वल्प." ती घाली. "आता गूळ." ती घाली. वाफेशी नाक नेऊन ती माझ्या तोंडाकडे बघत राही, जसं एखादं गिऱ्हाईक मी चिठ्ठी वाचत असताना बघतं. इंजेक्शन पुन्हा लहान मात्रेने सुरू झालं. या वेळी तिने एकही वार चुकवला नाही. मुलांपैकी काही परत आली. नागपूरवाला आला आणि म्हणाला, "काकू, यंदा टोमॅटो आंबट आहेत वाटतं."

मध्यंतरी पेटंट संपून देशी कंपन्यांची पेनं बाजारात आली आणि किंमत पुष्कळ उतरली. मंगलने सचिनला कळवलं की आता माझं मी बघते. पण स्वस्त झाल्यावर दुकानात चिठ्ठीशिवाय मागणारेही वाढले. भाचा कधी कधी माझ्याकडे बघतो. मी मान हलवते आणि तो हसून नाही म्हणतो. शिकतोय.

वजन हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याला आलं. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, मधे काही महिन्यांचं अंतर ठेवून. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याआधी इंजेक्शन थांबवायला सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी मी भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि बाहेरच्या कॅन्टीनमधून सांबाराचा वास येत होता.

"अक्का," ती हळू आवाजात म्हणाली, "तोंडाला पाणी सुटलंय." डोळ्यांनाही सुटलं होतं. मग म्हणाली, "आणि भीती वाटायला लागलीय."

दोन्ही खरं होतं, म्हणून मी नुसती शेजारी बसले.

डॉक्टरबाईंनी इंजेक्शन बंद करायला नको म्हटलं. नव्या गुडघ्यांवर जुनं वजन परत यायला नको. आता ती ज्यात वजन टिकेल अशी मधली मात्रा घेते. किती वर्षं, ते कुणी सांगत नाही. ईशा, तुझ्या प्रश्नाचं हेच उत्तर आहे. औषध काम करतं, पण ते घेत राहायचं असतं, आणि ते कशाला गप्प करतं हे आधी कळत नाही. ज्याचं गुडघ्यांपायी, साखरेपायी किंवा हृदयापायी अडलेलं आहे त्याने डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावं. शेरवानीसाठी नको. तुझ्या त्या जीन्ससाठीही नको. मी व्हिडिओत बघितली आहे, ती ठीक बसते.

गेल्या आठवड्यात मंगल कट्ट्याला हात न टेकता ओट्याशी उभी होती. मी पळी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "आज नको, अक्का. आज मला कळलंय. थोडं सुटलं पाणी. खरंच."

मी पळी ठेवली आणि घरी आले. डबा आला. मी पहिला घास घेतला, मग दुसरा. मीठ किंचित कमी होतं. मी थोडा वेळ फोनकडे बघत बसले. मग लावला आणि तसं सांगितलं.

पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"सरी, बरं," मंगल म्हणाली. "उद्या सहाला या."